अंदमान, कॅमेरा आणि शकुंतला

अंदमानहून परतलेल्या मराठी माणसाकडे तीन फोटो हमखास असतात: सेल्युलर जेल, राधानगरचा सूर्यास्त आणि लाइफ जॅकेट घातलेलं कुटुंब. आमच्याकडेही आहेत :-)

डिसेंबरात जाणार असाल तर आधी घड्याळाचं सांगतो. हॅवलॉक (२०१८ पासून स्वराज द्वीप) आमच्या दारव्ह्याच्या साधारण १५ अंश पूर्वेला, पण घड्याळ तेच. त्यामुळे सूर्य पाचच्या सुमारासच बुडतो. जेवून, झोप काढून निवांत साडेपाचला राधानगरला पोचलात, तर अंधाराचे फोटो मिळतील.

सेल्युलर जेलमध्ये वेगळाच प्रॉब्लेम. सातपैकी तीनच विंग उरल्या आहेत आणि फोटोत तुरुंग चक्क सुंदर दिसतो! म्हणून कोठडीत शिरा, गजांतून बाहेर फोटो घ्या. कैद्याला कैदी दिसू नये म्हणून प्रत्येक विंगचं तोंड पुढच्या विंगच्या पाठीकडे ठेवलं होतं. फोटो रटाळ येतो, पण खरा येतो.

बाराटांगच्या गुहांकडे जाणारा रस्ता मात्र जारवांच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ताफ्याने सुटतात, मध्ये थांबायचं नाही, जारवांचे फोटो काढणं कायद्याने गुन्हा. आमच्या गाडीतले एक काका म्हणाले, "एखादा काढला तर काय बिघडतं?"

मला एकदम शकुंतला आठवली. यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेज, आमच्या दारव्ह्यावरून जाणारी. मँचेस्टरला बनलेलं १९२१ चं वाफेचं इंजिन तिला १९९४ पर्यंत ओढत होतं. त्याचे फोटो काढायला लांबून लोक यायचे. त्यांच्यासाठी ती गंमत, आमच्यासाठी यवतमाळला जायची गाडी. खिडकीतली आमची माणसंही त्या फोटोंत गेली, कुणी विचारलं नाही. आता गाडी बंद आहे आणि ते फोटोच तेवढे उरलेत, हेही खरंच.

पण खिडकीतल्या आजोबांना निदान "ए बाबू, सरक तिकडं" म्हणता येत होतं. जंगलातल्या माणसाचं म्हणणं धावत्या गाडीत कोण ऐकणार? काकांना एवढंच सांगितलं. ते गप्प बसले, पटलं की नाही माहीत नाही. मोबाईल मात्र खिशात गेला.

घरी आल्यावर आईला सगळे फोटो दाखवले. तिने शांतपणे पाहिले आणि म्हणाली, "समुद्र तं दिसला बा, पण तू कुठी हायेस त्यात?"