आगामी

१० जून
दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन. यंदा पावसाच्याही आधी. "मॅडम, कादंबरीतलं एखादं प्रकरण द्या, दोन-अडीच हजार शब्द. खाली 'आगामी कादंबरीतून' असं टाकतो." सवयीने हो म्हटलं. पानशेतच्या पुरावरची ही कादंबरी 'आगामी' म्हणून इतकी वर्षं छापून येतेय की मध्यंतरी एका गृहस्थांनी ती वाचल्याचंही सांगितलं. आवडली म्हणाले.

१४ जून
प्रकरण निवडायचं म्हणून सगळं बाड काढून वाचलं. साडेतीनशेच्या आसपास पानं. पहिली शंभर अजूनही धावतात. पुण्याच्या नारायण पेठेतला वाडा, पाटबंधारे खात्यातला कारकून दत्तोपंत, त्याची लग्नाची बहीण, आदल्या रात्रीचा पाऊस. मग १२ जुलै १९६१. सकाळी पानशेत धरण फुटतं, पाठोपाठ खडकवासला, आणि पाणी पेठांमध्ये शिरतं. इथवर ठीक. पाणी ओसरलं की मात्र पात्रं नुसती उभी राहतात. कुणाला काही हवंच नाही. दत्तोपंत पानंच्या पानं खात्याला दोष देतो. धरणाचं काम पुरं व्हायच्या आत पाणी अडवलं, धोका दिसत असताना लोकांना वेळेवर सावध केलं नाही. त्याचा शब्द न् शब्द खरा आहे आणि वाचवत नाही. अग्रलेख पात्राच्या तोंडी घातला की असंच होणार.

२१ जून
जिथे प्रसंग सुचला नाही तिथे माहिती भरलेली दिसते. पुराच्या चौकशीचा बावडेकर आयोग, न्यायमूर्तींच्या निधनामुळे अर्धवट राहिलेलं ते काम, मग नाईक आयोग, हे एका अख्ख्या प्रकरणात. कुणासाठी? दत्तोपंताच्या बहिणीचं लग्न मोडलं की झालं, ते मात्र त्यात कुठेच नाही. कात्रणांच्या फायली, नकाशे, मुलाखतींच्या कॅसेटी असं सगळं कपाटात नीट लावलेलं आहे. संदर्भ गोळा करताना दिवस कारणी लागल्यासारखा वाटतो, आणि लिहिणं तेवढं टळतं.

२८ जून
एका लेखकमित्राला सांगितलं, सोडून द्यावी म्हणते. तो लगेच भालचंद्र नेमाड्यांच्या 'हिंदू'वर आला. सगळेच येतात. "'कोसला' १९६३ची, 'हिंदू' २०१०ची. नेमाड्यांनी धीर सोडला का?" पण मधल्या काळात त्यांच्या चांगदेवाच्या चार कादंबऱ्या आल्या, कविता आल्या, 'टीकास्वयंवर' आलं. एका पुस्तकाची वाट बघत बाकीचं दुकान बंद ठेवलं नव्हतं त्यांनी. माझ्या हातून गेल्या काही वर्षांत या कादंबरीच्या नावाखाली धड कथाही झालेली नाही. आणि अपुरं राहण्याची एवढी लाज कशाला? हरिभाऊ आपट्यांच्याही काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या. तेवढ्याने 'पण लक्षात कोण घेतो'चं काही उणं झालं नाही.

५ जुलै
पाऊस. मायकेल शेबनबद्दल वाचत बसले. पहिल्या कादंबरीच्या यशानंतर या अमेरिकन लेखकाने 'फाउंटन सिटी' नावाची कादंबरी पाच वर्षांहून जास्त लिहिली. पानं दीड हजारांच्या घरात गेली आणि शेवटी सोडली. त्यानंतर काही महिन्यांत 'वंडर बॉइज'चा खर्डा झाला, ती १९९५ साली आली. तिचा नायक कोण, तर कादंबरी संपवता न येणारा लेखक! पुढे त्याने त्या सोडलेल्या कादंबरीची पहिली चार प्रकरणं स्वतःच्या टिपांसह छापली. धाडस आहे.

राल्फ एलिसनचं उलट. 'इन्व्हिजिबल मॅन' १९५२ची. दुसरी कादंबरी १९९४ साली मरेपर्यंत लिहीत राहिला. १९६७मध्ये घराला लागलेल्या आगीत काही हस्तलिखित गेलं, पण पुढेही बाड वाढतच गेलं. शेवटी दुसऱ्याने त्यातून 'जूनटीन्थ' काढली, तीही तो गेल्यावर पाच वर्षांनी. आपली पानं निवडायचं काम मी भाच्यावर तरी टाकणार नाही. तो मराठी वाचत नाही.

१२ जुलै
आजच्या तारखेला आत्याकडे जातेच. पुराच्या वेळी ती कॉलेजात होती. "पुराचं पुस्तक कुठवर आलं गं?" म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता सुरू झाली. पाणी ओसरल्यावर स्वयंपाकघरात गुडघाभर गाळ. पाटा जागच्या जागी, वरवंटा गायब. काही दिवसांनी तो मागच्या वाड्यातल्या बाईंच्या अंगणात निघाला. त्या म्हणाल्या, हा आमचाच. दोन्ही घरांचं सगळं वाहून गेलेलं, अंगावर सरकारी चादरी, आणि वरवंट्यावरून दिवाळीपर्यंत बोलणं बंद! "आजीने शेवटपर्यंत त्यांच्या घरची चटणी तोंडात घातली नाही. म्हणायची, आमच्या वरवंट्यावर वाटलीय, फुकट कशाला खाऊ?" हसून हसून आत्याला ठसका लागला.

माझ्या कादंबरीत पुरानंतर कुणी भांडत नाही. सगळे एकमेकांना आधार देतात.

१८ जुलै
वरवंटा दत्तोपंताच्या घरात घालून पाहिला. दोन दिवस बसले. त्या वाड्यात तो शोभत नाही. तिथली माणसं मी कारण सिद्ध करायला जन्माला घातली, ती चटणीवरून रुसणार नाहीत. अडले असते तर थांबले असते. अडणं नेहमीचंच आहे, मागच्या दोन्ही कादंबऱ्यांत वर्ष-वर्ष अडले होते. पण तेव्हा पुढे काय होतंय हे मलाच जाणून घ्यायचं असायचं. दत्तोपंत उद्या काय म्हणेल ते मला आज ठाऊक आहे, आणि त्यात मला रस नाही. ज्या पुस्तकाचा पुढचा भाग लिहिणारीलाच वाचायचा नाही, ते सोडावं. किती पानं झाली, किती वर्षं गेली, हा हिशेब त्यात आणू नये.

आत्याचा किस्सा कथेसाठीही घेणार नाही. तो तिचा आहे. ती सांगते तसा मला जमणार नाही.

२४ जुलै
मुलाखतींच्या कॅसेटी डिजिटल करून घ्यायला दिल्या. त्यातली बरीच माणसं आता नाहीत, आवाज तरी त्यांच्या घरच्यांकडे जावेत. बाड जाळायचं वगैरे नाटक नको. ते माळ्यावर.

संपादकांना कळवलं, प्रकरण येणार नाही. त्यांनी विचारलं, मग पुढच्या वर्षी? म्हटलं, पुढच्या वर्षीही नाही, कादंबरी मी सोडली आहे. ते थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "बरं, मग एखादा लेख? पानशेतवरच?"

नाही म्हणून सांगितलं.