विजेची काटकसर

ज्यांस उपदेश करण्याची हौस आहे, त्यांनीं ती भागविण्यासाठीं आजोळीं जाऊं नये, असें आम्ही स्वानुभवानें सांगतों. परक्या माणसास उपदेश केला तर तो निदान भिडेखातर मान तरी डोलावितो. आजोळचीं माणसें आपल्याला लंगोटींत पाहिलेलीं असतात.

आमचें आजोळ खानदेशांत पारोळा येथें आहे. धुळ्याहून जळगांवास जाणाऱ्या हमरस्त्यावर हें गांव लागतें. आगगाडी गांवाला शिवत नाहीं. तिच्यासाठीं अमळनेर गांठावें लागतें. नेवाळकर जहागीरदारांचा भुईकोट किल्ला येथें आहे, आणि झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचें सासरचें घराणें तें हेंच, ही गोष्ट पाहुण्याच्या हातीं पाण्याचा तांब्या देण्यापूर्वींच येथें सांगण्यांत येते. किल्ल्याचा खंदक, बाजारांतील कापसाच्या गाड्या आणि चैत्रापासून मृगापर्यंतचें रखरखीत ऊन, एवढ्यावर आमच्या बाळपणींच्या सुट्या गेल्या. हल्लीं गाड्यांच्या जागीं ट्रॅक्टर आले आहेत. ऊन तेवढें पूर्वींचेंच आहे.

झालें असें कीं, मध्यंतरीं आम्हांस ऊर्जेच्या काटकसरीचें वेड लागलें. २००१ सालीं आपल्या देशांत ऊर्जा संवर्धनाचा कायदा झाला, पुढच्या वर्षीं ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला, २००६ पासून फ्रिजवर तारे चिकटूं लागले; ह्यांपैकीं कशाचीहि आम्हीं तेव्हां दखल घेतली नव्हती. परंतु २०१५ सालीं सरकारनें एल.ई.डी. दिवे स्वस्तांत वांटावयास घेतले, आणि साठ वॅटच्या जुन्या दिव्याचें काम नऊ वॅटचा दिवा करतो हें आमच्याच दिवाणखान्यांत आम्हांस दिसलें, तेव्हां आम्ही चकित झालों. सरकारी खरेदींत ज्या दिव्याला आरंभीं ३१० रुपये पडले तोच दोन-तीन वर्षांत ४० रुपयांच्या आंत आला, आणि असे ३६ कोटींहून अधिक दिवे देशभर गेले. मग आम्हीं पंचाहत्तर वॅटचे पंखे काढून तीस वॅटचे लावले. कोणी खोलींतून बाहेर पडलें कीं आम्ही मागोमाग जाऊन बटनें तपासूं लागलों. घरांतील मंडळी आम्हांस पाठीमागें ‘वीजमंडळ’ म्हणतात हें आम्हांस ठाऊक आहे. दिवाणखान्यांत वातानुकूलनाचें यंत्रहि आहे व तें उन्हाळ्यांत दुपारभर चालतें, ही गोष्ट आम्ही उपदेशाच्या वेळीं सहसा काढीत नाहीं.

अशा तयारीनिशीं आम्ही मार्गशीर्षांत आजोळीं गेलों. पहिल्या रात्रीं जेवणें झाल्यावर आम्हीं मामा-मामींपुढें आजीचें उदाहरण ठेवलें. आजीच्या वेळचें घर धाब्याचें होतें. जाड मातीच्या भिंती, सागवानी सरे आणि वर खाऱ्या मातीचा थर. वैशाखांत बाहेर पारा ४४-४५ अंशांवर गेला असतां आंत उंबऱ्यावर डोकें ठेवून झोंप लागे. आतां तेथें सिमेंटचें छत आलें आहे, आणि रात्रीं अकरा वाजतांहि तें तव्यासारखें तापलेलें असतें. म्हणून कूलर आला. त्या जुन्या घरांत आजी चुलीवर भाकरी भाजीत असे, तेव्हां त्याच जाळावर वैलावर वरण शिजे. मागें उरलेल्या निखाऱ्यांवर दूध तापे. आणि त्यावरहि जो विस्तव राही तो ती राखेखालीं झांकून संध्याकाळपर्यंत जिवंत ठेवी. एका पऱ्हाटीचीहि नासाडी होत नसे. “हें खरें ऊर्जाशास्त्र!” असें म्हणून आम्ही थांबलों.

मामी भांडीं आवरीत होत्या. त्या म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही त्या चुलीपुढें जेवायला बसलांत, फुंकायला नाहीं.”

त्यांचें म्हणणें खरें होतें. आजीचे डोळे उतारवयांत सदा पाझरत असत. आणि चुलीचें म्हणाल तर, साध्या मातीच्या चुलींत जळणाच्या उष्णतेपैकीं जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला लागतो. बाकीची भिंती काळ्या करण्यांत आणि छातींत धूर भरण्यांत जाते. १९८३ सालीं सुधारलेल्या चुलींची मोठी सरकारी मोहीम निघाली ती ह्याच कारणानें. तेव्हां आजी काटकसरी होती हें खरें, परंतु तिची चूल मोठी उधळी होती. काटकसर आणि कार्यक्षमता ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें आम्हांस मामींच्या एका वाक्यानें कळलें. चुलीनें उधळलेलें आजी आपल्या कष्टानें भरून काढी, कारण पऱ्हाट्यांचा भारा शेतांतून तिच्याच डोक्यावरून येत असे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मामांबरोबर शेतावर गेलों. गहूं वीतभर झाला होता. वरच्या वाफ्यांत ठीक होतें; खालच्या अंगास मात्र पाणी बांध फोडून नाल्याला लागलें होतें, आणि मोटार अजून चालूच होती. (शेतावरच्या पंपाला आमच्याकडे मोटारच म्हणतात.) मामांनीं शांतपणें जाऊन ती बंद केली. पेटींत एक लहानशी डबी बसविलेली आम्हांस दिसली. तिला ‘ऑटो’ म्हणतात. शेतीच्या तारेवर वीज कांहीं दिवस दिवसा येते व कांहीं दिवस रात्रीं. रात्रपाळी असली कीं शेतकरी ऑटो लावून घरीं झोंपतो, आणि वीज येतांच मोटार आपोआप सुरू होते. पाणी कोठें गेलें तें सकाळीं कळतें. शिवाय गांवांतल्या सर्व मोटारी एकाच क्षणीं सुरू झाल्या कीं ट्रान्सफॉर्मरवर एकदम भार पडतो, दाब उतरतो, मोटारी जळतात, कधीं ट्रान्सफॉर्मरहि जातो. मामांची मोटार अशी तीनदां जळली होती व तीनदां भरून आणली होती. आणि घाईंत भरलेली मोटार पूर्वींपेक्षां अधिक वीज खाते.

येथें आमची जीभ सैल सुटली. आम्हीं बांधावर उभें राहून हिशेब मांडला तो असा. कोळशांत जी उष्णता असते तिचे १०० भाग कल्पावे. भुसावळजवळ दीपनगरास जसें आहे तशा औष्णिक केंद्रांत त्यांपैकीं ३५ भागांची वीज होते. राहिलेली उष्णता धुरांड्यावाटें आणि थंड करण्याच्या पाण्यावाटें निघून जाते. तारांतून व ट्रान्सफॉर्मरांतून येतां येतां आणखी पांच भाग गळतात. उरलेल्या ३० पैकीं जुनी, भरलेली मोटार पाणी उचलण्याच्या कामीं लावते ते सुमारें ९. आणि त्या नऊ भागांनीं वर आलेलें अर्धें पाणी जर नाल्याला जात असेल, तर पिकाच्या मुळाशीं पोंचले साडेचार! पण हीच सांखळी उलटी धरली तर शेवटच्या टोंकाला एक भाग वांचविला असतां खाणीपाशीं दहा भागांहून अधिक कोळसा वांचतो. “केवळ आळसापायीं एवढा नाश!” असें आम्ही म्हणालों. तो ‘आळस’ शब्द आम्हांस अजून बोंचतो.

मामांनीं सर्व ऐकून घेतलें. मग त्यांनीं अहिराणींत एवढेंच विचारलें, “रातले पानी भराले तू येशी का?”

मान राखण्यासाठीं आम्हीं “येतों” म्हटलें.

रात्रीं साडेदहाला वीज आली. मामांनीं पायांत गुडघ्याएवढे रबरी बूट चढविले, एका हातांत बॅटरी आणि दुसऱ्यांत काठी घेतली. आम्हांस मामेभावाचे बूट मिळाले. खानदेशांतील मार्गशीर्षाची थंडी दिवसाच्या उन्हावरून ओळखूं येत नाहीं. विहिरीपाशीं ओल्या जमिनीवर उभें राहून पेटी उघडायची, मोटार चालवायची, मग फावडें घेऊन एकेक वाफ्याचें तोंड फोडायचें व बुजवायचें. पाय चिखलांत, आणि दोन पावलांपलीकडे काय आहे तें दिसत नाहीं. मामा काठीनें पुढचें गवत बडवीत चालत होते. एक वाजेपर्यंत आम्ही होतों. त्यांतील बराच वेळ आम्ही बॅटरी धरण्याचें काम केलें, तेंहि नीट नव्हे.

परत आलों तेव्हां मामी चहा घेऊन जाग्या होत्या. मामा हातपाय धुवावयास गेले असतां त्यांनीं हळूंच सांगितलें कीं, चार वर्षांपूर्वीं आश्विनांत पाऊस लवकर गेला, आणि मामेभाऊ रात्रीं कपाशीला पाणी भरावयास गेला असतां त्याला मण्यार चावली. चावल्याचें त्याला नीटसें कळलेंहि नाहीं. पहांटे पापण्या जड होऊन मिटूं लागल्या तेव्हां समजलें. धुळ्यास नेलें, अकरा दिवस तेथें राहावें लागलें. वांचला. घरीं आल्यावर दुसऱ्याच दिवशीं मामांनीं ऑटो आणून बसविला. “तेव्हांपासून मुलाला रात्रीं पाठवीत नाहींत. स्वतःसुद्धां आज तुमच्यासाठीं गेले,” असें त्या म्हणाल्या. हें आम्हांस कोणीं कळविलें नव्हतें. मोठा माणूस नोकरीच्या गांवीं उगाच काळजी करील म्हणून. आम्ही चहा पिऊन गप्प निजलों.

सकाळीं आम्ही दुसऱ्या बाजूनें प्रयत्न केला. कागद घेऊन मांडून दाखविलें कीं, हजार लिटर पाणी दहा मीटर वर आणण्यास शास्त्राप्रमाणें २७ वॅट-तास पुरतात. मामांच्या मोटारीला ९० लागतात. पांच ताऱ्यांची नवी मोटार घेतली तर ५० वर भागेल.

“मग उरलेली चाळीस कोणाची?” मामांनीं विचारलें.

“सरकारची.”

“आणि नव्या मोटारीचे पैसे?”

“तुमचे,” असें म्हणतांच मामी हंसल्या, आणि आम्हांसहि हंसूं आलें.

ह्याला उत्तर नव्हतें. शेतीच्या विजेचा आकार पुष्कळ ठिकाणीं मीटरवर नसून अश्वशक्तीवर होता. पांचाची मोटार दहा तास चालो कीं दोन तास, आंकडा तोच. आणि २०२४ च्या एप्रिलपासून तर साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना राज्य सरकारनें पांच वर्षांसाठीं वीज मोफतच केली; त्यापायीं वर्षाला चौदा हजार कोटींहून अधिक रुपयांचा बोजा सरकारनें आपल्या अंगावर घेतला. नापिकीनें वांकलेल्या शेतकऱ्याला ही सवलत नको होती असें म्हणण्यास आमची जीभ रेटत नाहीं. परंतु आजीच्या डोक्यावरचा भारा जसा तिला दिसे, तसा हा चौदा हजार कोटींचा भारा पारोळ्याच्या शिवारांतून कोणालाच दिसत नाहीं, हेंहि खरें.

हा केवळ आपल्याकडचाच प्रकार नव्हे. पूर्व युरोपांत साम्यवादी राजवटींच्या काळीं गांवोगांव मोठमोठ्या चाळी बांधल्या गेल्या, आणि त्यांना मध्यवर्ती बॉयलरांतून नळांनीं उष्णता पुरविण्यांत आली. बिल खोलीच्या क्षेत्रफळावर. भिंतींतील तापकाला बहुधा तोटीच नसे. बाहेर बर्फ पडत असतां आंत उकडूं लागलें म्हणजे लोक खिडकी उघडीत. त्यांस कोणी आळशी म्हणूं शकेल. पण तोटीच नाहीं तर माणसानें दुसरें काय करावें? १९९० नंतर पोलंडसारख्या देशांनीं मीटर बसविले, तोट्या बसविल्या, भिंतींना उबदार अस्तर दिलें, किंमती हळूहळू खऱ्या केल्या. मग त्याच लोकांच्या खिडक्या बंद राहूं लागल्या. त्यांना तोटीहि दिली आणि वांचविल्याचा वांटाहि दिला, ह्यांतलें मर्म आम्हांस मामांच्या प्रश्नानंतर उमगलें. मामांना आम्ही नुसतें व्याख्यान दिलें होतें.

आपल्याकडे ह्या दिशेनें कांहींच झालें नाहीं असें नाहीं. सोलापूर जिल्ह्यांत मंगळवेढ्याच्या बाजूस जुने पंप काढून घेऊन, शेतकऱ्याला खर्चांत न पाडतां, ताऱ्यांचे नवे पंप बसविण्याचा प्रयोग झाला. पैसे वांचणाऱ्या विजेंतून फिटावयाचे होते. आणि २०१७ पासून सरकारनें शेतीच्या तारांना गांवाजवळच उभारलेल्या सौर केंद्रांतून वीज देण्याची योजना काढली, २०२३ सालीं तिचा दुसरा, मोठा टप्पा सुरू केला. सूर्य रात्रीं नसतो, म्हणून ती वीज दिवसाच येते. कोळसा वांचतो हा तिचा गुण सर्व जाहिरातींत असतो. मामींच्या दृष्टीनें तिचा गुण दुसराच आहे.

मामांची एक शंका मात्र आम्हांस अजून सोडवितां आलेली नाहीं. ते म्हणाले, नवी मोटार तासाला जास्त पाणी ओढील. विहिरींत तर फाल्गुनानंतर दोन तासांचें पाणी असतें. मग ती एका तासांत कोरडी करून काय मिळवावयाचें? दिवसा वीज फुकट मिळूं लागली तर शेजारचा बोअर आणखी शंभर फूट खोल जाईल. विजेची कार्यक्षमता वाढली आणि भूगर्भांतील पाणी संपलें, तर हिशेब कोणत्या खात्यावर मांडावा? आमच्या कागदावर त्यासाठीं रकाना नव्हता. आम्हीं ठिबकची गोष्ट काढली. ते म्हणाले, कपाशीला ठिबक केलेंच आहे, गव्हाला काय करूं?

नवी मोटार अद्याप आलेली नाहीं. आमचा तो कागद मामांनीं स्टार्टरच्या पेटींत घडी करून ठेवला आहे, असें मामेभाऊ फोनवर सांगत होता. दिवसाची पाळी असेल त्या आठवड्यांत मामा ऑटोची तार स्वतः काढून ठेवतात आणि वाफा भरेपर्यंत बांधावर बसून राहतात. रात्रपाळी लागली कीं ती पुन्हां जोडतात.