नांदेड-लातूर, व्हाया पेट्रोलचा वास

माझ्या चार वर्षांच्या भाचीला ‘गाडी लागते’, हे आमच्या घरात आधार कार्डाइतकं पक्कं झालं होतं. गाडीत बसताना तिच्या हातात आधी लिंबू आणि मग प्लॅस्टिकची पिशवी.

यंदा मे महिन्यात पुण्याहून रेल्वेने नांदेडला घरी गेले होते. लातूरला मावसबहिणीचा साखरपुडा होता. दादाची सात सीटर, आठ वर्षं जुनी. आमच्या भागात एवढी मोठी गाडी घेतली की ती डिझेलचीच, पण साहेबांना पेट्रोलच हवी होती. लातूर फाट्याजवळ टाकी फुल केली. नोझल ‘टक’ करून बंद पडला. पंपावरच्या पोराने विचारलं, “राउंड फिगर करू का भाऊ?” दादा म्हणाला, “कर की.” सुट्ट्या पैशांचा वैताग नको म्हणून आपण सगळेच हे करतो ना?

दीडशे किलोमीटरच्याही आतला हा रस्ता. लोहा, माळेगाव, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर ही नावं मला एसटीच्या प्रवासातच पाठ झालीत. आता रस्ता ऐसपैस झालाय, पण दोन्ही बाजूंची मेमधली नांगरलेली काळी रानं तीच. बाहेर बेचाळीस डिग्री, आत एसी, काचा बंद. लोहा मागे पडलं आणि भाचीला उलटी झाली. माळेगावला, जिथे मार्गशीर्षात खंडोबाच्या यात्रेला घोड्या-उंटांचा बाजार भरतो, तिथे झाडाखाली थांबलो. तोंड धुतलं, लिंबू हुंगवलं. तिला धरायला म्हणून मी पुढची सीट सोडून मागे बसले.

आणि पाच मिनिटांत माझंच डोकं भणभणलं. पेट्रोलचा वास! पुढे बसले होते तेव्हा काहीच जाणवलं नव्हतं.

“पंपावर हाताला लागलं असेल,” इति दादा.

“पुढे बसून तुला काय कळणार? मागं किती वास यायलाय बघ,” आई म्हणाली. मग वहिनी हळूच बोलली, “लातूरहून परत येताना तिला कधीच त्रास होत नाही.”

अख्ख्या डायग्नोसिसमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच होतं, हे आम्हाला लातुरात कळलं. उरलेला रस्ता एसी बंद आणि काचा खाली करून, भट्टीतून गेल्यासारखा कापला. थांबून गाडी तिथेच सोडायला हवी होती, हे आता कळतंय. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली साचते. उणे चाळीसच्या आसपासच्या थंडीतही तिला पेट घ्यायला एक ठिणगी पुरते. गाडीखाली थेंब दिसले तर स्टार्टरलाही हात लावू नका, सगळ्यांना उतरवा.

साखरपुडा उरकला आणि दुसऱ्या दिवशी नांदेड रोडवरच्या एका गॅरेजमध्ये गेलो. साठीचे चाचा. त्यांनी आधी बिडी ओढणाऱ्या पोराला लांब पिटाळलं, मग आमच्याकडे वळले. “फुल टंकी में बास आती, आधी में नै आती. बरोबर?” वहिनीने जोरात मान हलवली. टाकी अर्धी झाली की पेट्रोल वरच्या सीलपर्यंत पोचत नाही, म्हणून परतीचा प्रवास बिनवासाचा!

तरी चाचांनी घाई केली नाही. टाकीचं झाकण, तिथून टाकीत जाणारा रबरी पाइप, बॉनेटखालचे इंजेक्टर, टाकीतली वाफ शोषणारा कोळशाचा डबा, असं सगळं ओळीने पाहिलं. ‘राउंड फिगर’चा उल्लेख आल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. ‘टक’ झाल्यावरही भरत राहिलं तर पेट्रोल त्या कोळशाच्या डब्यात शिरू शकतं आणि डबा कामातून जातो. आमचा वाचला होता.

शेवटी मधली सीट वर केली, कार्पेट उचललं. खाली पत्र्याचं झाकण, त्याखाली टाकीत बसवलेला पंप. झाकण काढताच वास भपकन नाकात गेला. दोन वर्षांपूर्वी पंप बदलला होता. (कुठे, ते राहू दे.) तेव्हा जुनंच रबरी सील परत बसवलं होतं. एका बाजूला ते चिमटून तडकलं होतं. थोडक्यात, माझी भाची दोन वर्षं त्या भेगेच्या वर बसून प्रवास करत होती. आणि आम्ही तिला लिंबू देत होतो.

आता तर पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग, गॅस्केट २०-३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, असं पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटलं होतं. इथेनॉल उसापासूनही होतं, आणि ऊस लातूरचा लाडका. २०१६ मध्ये याच शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हे गॅरेजमध्ये बसल्या बसल्या आठवलंच.

चाचांनी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवलं, म्हणजे पाइपातलं प्रेशर उतरलं. मग बॅटरीची वायर सोडवली. पंपाची रिंग पितळी पंचाने ठोकून फिरवली, कारण पितळेची ठिणगी उडत नाही. नवं सील साडेतीनशे, मजुरी पाचशे. तोवर आम्ही गंजगोलाईत चक्कर मारली. मधोमध जगदंबेचं देऊळ आणि फुटणारे सोळा रस्ते. दादा दर वेळी इथे चुकतो, या वेळीही चुकला.

“अब टंकी फुल करो, काचां बंद करके धूप में खडी करो, फिर सूंगो,” चाचांनी बजावलं. पंपावर गेलो. नोझल ‘टक’ झाला.

“राउंड फिगर करू का?”

“नको!” मागच्या खिडकीतून भाची ओरडली.

अर्धा तास गाडी उन्हात तापवली. मग दार उघडून सगळ्यांनी आळीपाळीने आत नाक खुपसलं. तापलेल्या रेग्झिनचा वास, आदल्या दिवशीच्या लिंबाचा वास. बस्स. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. माळेगावला भाचीने गाडी थांबवायला लावली, भूक लागली म्हणून.