वरच्या मजल्यावरचा शेरू

"डॉक्टर, तुम्ही स्वतः चालायला जाता का?" असं तुम्ही नेहमी विचारता. जातो, पण त्याचं श्रेय शेरूला. शेरू हा आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंचा लॅब्रडॉर. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मुलगा म्हणाला, कुत्रा कुणाला तरी देऊन टाकू. काकू जेवेनात. तेव्हापासून सकाळी शेरूचा पट्टा माझ्या हातात असतो. आता काकूही काठी टेकत फाटकापर्यंत सोबत येतात.

प्रौढांनी आठवड्याला निदान 150 मिनिटं भरभर चालावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शेरू मात्र प्रत्येक खांबापाशी थांबतो. ती मिनिटं मी धरत नाही! आधी वीस मिनिटं झपझप, मग हवं तेवढं हुंगणं. खरं सांगू? मला दुसरा भागच जास्त आवडतो.

तुम्हीही कुणाचा कुत्रा सांभाळणार असाल तर रेबीजची लस वेळेवर दिली आहे ना, हे आधी विचारा. उन्हाळ्यात डांबरावर हात टेकवून बघा. तुम्हाला चटका बसला तर त्याच्या पंजांनाही बसणार. दात लागलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि लगेच दवाखान्यात या. हळद-चुना लावत बसू नका.