फरीदाबादचा रोजनामा
(प्रवासाची दैनंदिनी : लेखांक दुसरा)

शुक्रवार, रात्र

आदल्या रात्री नाशिकरोडास पकडलेली पंजाब मेल खानदेश, निमाड, बुंदेलखंड आणि व्रजभूमी ओलांडून फरीदाबादेस पोहोचली, तेव्हा दाजी फलाटावर हजर होते. माझी बॅग हाती घेण्यापूर्वीच, आपण आणावयास सांगितलेले कोकम आगळ आणि शेंगदाण्याचे लाडू सुखरूप आहेत ना, याची त्यांनी चौकशी केली. जहांगीर बादशहाचा खजिनदार शेख फरीद याने १६०७ साली दिल्ली-आग्रा राजमार्गाच्या रक्षणार्थ हे गाव वसविले, असे सांगतात. आमचे दाजी एका कारखान्याच्या हिशेबखात्यातून निवृत्त झालेले असल्यामुळे या मूळ पुरुषाविषयी त्यांना विशेष आपुलकी वाटते. त्यांचे बिऱ्हाड एनआयटी भागात आहे. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी ही वसाहत उभारण्यात आली, आणि बन्नू-कोहाटकडची जुनी मंडळी व त्यांचे नातू यांच्या शेजाराला ताई आता इतकी सरावली आहे की तिच्या मराठीत अधूनमधून पंजाबी हेल येतो.

घराला लग्नघरातील कोठीचे स्वरूप आले होते. डब्यांवर चिठ्ठ्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या आणि मधोमध उभ्या केलेल्या सायकलीपाशी मांडी घालून बसलेली माझी भाची. रविवारी सकाळी सातपासून सायंकाळी पाचपर्यंत अरवलीच्या पाऊलवाटांवर एकटीने सायकल चालवावयाची आणि अधिकांत अधिक फेऱ्या पुऱ्या करावयाच्या, अशी ही स्पर्धा दिल्लीकडच्या काही हौशी स्वारांनी आपापसांत ठरविली आहे. तिला नाव नाही, पारितोषिक नाही. नियम मात्र भरपूर आहेत.

शनिवार

सकाळी मार्ग पाहण्यास गेलो. गुडगावकडे जाणाऱ्या रस्त्याने पाली गाव मागे टाकले की शहराची गजबज एकाएकी सरते आणि गारगोटीच्या जातीच्या कठीण खडकांचे, विरळ झुडपांचे उजाड पठार लागते. या डोंगरांनी पुष्कळ सोसले आहे. खाणींनी त्यांची अंगे पोखरली, भूजल खालावले, आणि ज्या बडखल तलावाकाठी एके काळी दिल्लीकर सहलीस येत, तो पार कोरडा पडला. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने फरीदाबाद, गुडगाव आणि मेवात या जिल्ह्यांतील अरवलीमधील खाणकाम बंद करण्याचा हुकूम दिला. खाणीच्या गाड्यांनी पाडलेले काही मार्ग आज सायकलस्वारांच्या उपयोगी पडतात, यात नियतीचा विनोद आहे खरा; परंतु तेवढ्यासाठी खाणींचे आभार मानण्याची माझी तयारी नाही.

मांगरजवळची बनी मात्र शाबूत आहे. गुदडिया दासबाबांच्या नावाने राखलेल्या या देवराईत धव नावाच्या वृक्षाचे दाट रान असून, तेथील फांदी तोडणाऱ्याचे बरे होत नाही अशी गावकऱ्यांची श्रद्धा आहे. जे काम वनखात्याच्या दफ्तराला सर्वत्र साधलेले नाही, ते या श्रद्धेने येथे बिनबोभाट केले. स्पर्धेचा मार्ग बनीला दुरून वळसा घालतो, हे पाहून मला समाधान वाटले. चाकांना जाण्यासारख्या जागा जगात पुष्कळ आहेत.

बनीबाहेर साम्राज्य आहे ते विलायती कीकराचे. आपल्याकडे ज्याला वेडी बाभूळ म्हणतात तेच हे झाड, आणि त्याचा काटा टायरचा हाडवैरी. म्हणून भाचीच्या चाकांत ट्यूबच नाही. टायरमध्ये चिकासारखा द्रव ओतलेला असतो आणि काटा रुतताच तो छिद्रापाशी धावून जाऊन घट्ट होतो. दाजींनी या द्रवाची जादा बाटली, साखळीचे तेल, ब्रेकचे गुटके, इतकेच नव्हे तर बुटांच्या नाड्या यांचीसुद्धा फेरिस्त करून ठेवली आहे.

संध्याकाळी गप्पांत नाशिकचा विषय निघाला. लांब पल्ल्याच्या सायकलीचे आमच्या गावाला आता अप्रूप उरलेले नाही. महाजन बंधू, दोघेही डॉक्टर, यांनी २०१५ साली अमेरिकेचा पश्चिम किनारा ते पूर्व किनारा ही सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत जोडीने पुरी केली, आणि २०१७ साली नाशिकला नेमणुकीस असलेले लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ व नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीच्या आत, पार केली. परंतु भाचीने एक भेद मला समजावून दिला, तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. सडकेवरच्या शर्यतीत सोबत्यांची मोटार स्वाराच्या मागोमाग चालते, रात्री तिच्या दिव्यांच्या उजेडातच तो पुढे जातो. डोंगरात मोटारीला वाटच नसल्यामुळे घरची माणसे एका ठिकाणी ठाण मांडतात आणि स्वार फेरी पुरी करून त्यांच्यापाशी परत येतो. मधला काळ त्यांनी नुसता काढावयाचा.

"मामा, उद्या तुम्ही खुर्चीवर बसा, पण मला दिसेल अशी ठेवू नका," निजावयास जाताना ती म्हणाली.

रविवार

पहाटेची थंडी कडक होती. पालीच्या पुढे एका मोकळ्या जागेत आमचा तंबू पडला. रात्री स्पर्धा का ठेवीत नाहीत, असे मी एका स्थानिक स्वाराला विचारले, तेव्हा या रानात बिबळ्यांचा वावर आहे, असे उत्तर त्याने हवापाण्याविषयी बोलावे इतक्या सहजतेने दिले.

या खेळाच्या पूर्वपीठिकेत एक कथा आहे. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियात १९९२ पासून चोवीस तासांची डोंगरी सायकलस्पर्धा भरू लागली, ती चौघांच्या संघांसाठी होती. १९९६ साली जॉन स्टॅमस्टॅड नावाच्या स्वाराने आपल्याच नावाची चार निरनिराळी रूपे लिहून एका संघाची नोंद केली, आणि चौघांच्या वाट्याची सायकल एकट्याने चालविली. हा बनावट दाखला कारकुनी दृष्टीने दंडनीयच म्हणावा लागेल. पण एकट्याच्या स्पर्धांना त्यातून उत्तेजन मिळाले. त्याच्या नोंदणीच्या कागदावर, त्याला पाणी कोणी दिले, याचा रकाना नसावा.

आमच्याकडे तो होता. दाजींच्या वहीत प्रत्येक फेरीची वेळ, थांब्याची मिनिटे, प्यालेले पाणी, खाल्लेले अन्न असे खाने आखलेले होते. ताशी अर्धा ते पाऊण लिटर पाणी आणि साठ ग्रॅमपेक्षा कमी नाही इतके पिष्ट वा साखर पोटात गेलेच पाहिजे, नाहीतर पाचव्या-सहाव्या तासाला पाय पाठ फिरवितात, असा हिशेब. मीठ लावलेले उकडलेले बटाटे, केळी, गूळ घातलेले लाडू आणि कोकमाचे पाणी यांची पाळी ठरलेली. भाची यावयाची, एक पाय जमिनीवर टेकावयाची, बाटली बदलून घ्यावयाची, तोंडात बटाटा असतानाच निघून जावयाची. पहिल्या काही फेऱ्यांत हे सारे एका मिनिटाच्या आत आटोपे.

दुपारी प्रकरण बदलले. ऊन वाढले, धूळ उठली, आणि एका फेरीला नेहमीपेक्षा पाव तास अधिक लागला. ताई उठून वाटेकडे तोंड करून उभी राहिली. दाजी वहीत पाहत राहिले. परंतु त्यांची लेखणी चालत नव्हती, हे माझ्या नजरेतून सुटले नाही. अखेरीस भाची आली ती कोपर खरचटलेली, गिअरचा हात किंचित वाकलेला आणि चेहरा मातीने माखलेला अशी. "आई, पोट ढवळतंय," ती म्हणाली, आणि तिची नजर खुर्ची शोधू लागली.

मी हा प्रसंग सविस्तर लिहीत आहे, याचे कारण मातृत्वाची इतकी कठोर परीक्षा मी क्वचितच पाहिली असेल. ज्या ताईने या मुलीला साध्या पडशातही शाळेत धाडले नाही, तिने जखम पाण्याने धुतली, डोळे व बोलणे ठिकाणावर आहेत याची खात्री करून घेतली, लाडू परत डब्यात ठेवला, आल्याचा तुकडा व चिमूटभर मीठ हातावर दिले, आणि "बसतेस का?" हा ओठांवर आलेला प्रश्न गिळून टाकून म्हटले, "पुढची फेरी सावकाश घे. पाणी घोट घोट पी." दाजींनी तेवढ्यात गिअरचा हात अंदाजाने सरळ केला. खुर्ची मी तंबूमागे नेली होती. स्वाराची दमछाक सर्वांना दिसते. या दोघांनी जो स्नेह आवरून धरला, त्याला कोणत्याही निकालपत्रकात जागा नाही, आणि माझ्या मते त्या दिवसाचे अवघड काम तेच होते. ती गेल्यावर ताई मला म्हणाली, "अरे, मी फार रागीट दिसले का रे?"

पुढची फेरी खरोखरच सावकाश झाली. त्यापुढची बरी. पाचाच्या ठोक्याच्या अलीकडे पोहोचून तिने शेवटची फेरी हिशेबात बसविली, आणि मग मात्र खुर्चीत बसून वाटीभर दहीभात मागितला. स्त्रियांत तिचा क्रमांक दुसरा लागला. पहिली आलेली दिल्लीची मुलगी तिच्या पूर्ण एक फेरी पुढे होती.

सोमवार

सायकल धुतली. वाकलेला भाग बदलावा लागेल, असे कारागिराने सांगितले.

दुपारी दाजींनी जमाखर्च मांडला आणि त्यावरून नवरा-बायकोत वाद जुंपला. दाजींच्या वहीप्रमाणे दुपारच्या थांब्यात आठ मिनिटे गेली, पैकी तीन जखम धुण्यात आणि उरलेली मोजे बदलण्यात. मोजे बदलले नसते तर अंतर पुष्कळ कमी झाले असते, हे त्यांचे म्हणणे. ओल्या मोज्यांनी पायाला फोड आले असते, हे ताईचे. ज्या पायांविषयी हा खल चालला होता ते उशीवर ठेवून भाची पडल्या पडल्या हिमाचलातील नकाशा पाहत होती. शिमल्याकडे २००५ सालापासून कित्येक दिवस चालणारी डोंगरी सायकलस्पर्धा होत आली आहे, तिचा विचार तिच्या मनात घोळतो आहे. तेथे मुक्काम रोज हलतो, म्हणजे तंबू, डबे आणि वही यांनाही रोज हलावे लागेल. दाजींनी भाचीच्या रजेची अडचण विचारली, ताईने थंडीची. नको असे मात्र दोघांपैकी कोणीही म्हटले नाही. दाजींनी नव्या पानावर रकाने आखावयास घेतले आणि "गॅसची शेगडी किती वजनाची असते?" असे मला विचारले.

उद्या सकाळच्या गाडीने मी मथुरेस निघेन.

(क्रमशः)