अण्णांचं काय राहिलं होतं?

'रात्रीस खेळ चाले'चं पहिलं पर्व ऑक्टोबर २०१६ मध्ये संपलं आणि पुढच्याच आठवड्यात दिवाळी आली. मुंबईची सगळी मंडळी गुहागरला जमलेली. पडवीत फराळ मांडला होता, पण बोलणं एकाच गोष्टीवर: ते सगळं भुताने केलं की माणसांनी?

मालिका घडते सावंतवाडीजवळच्या आकेरीत. आमच्याकडे मालवणी बोलत नाहीत, त्यामुळे सुरुवातीला आजी दर वाक्याला 'काय म्हणाला रे?' विचारायची. महिन्याभरात तीच पांडूसारखं 'इसारलंय' म्हणायला लागली. कोकणाची बदनामी होते म्हणून सिंधुदुर्गात या मालिकेला विरोध झाला होता. आमच्या घरात तो मुद्दा कुणी काढला नाही. रात्री साडेदहाला कोण उठून टीव्ही बंद करणार?

काकांचं म्हणणं साधं होतं. भूतबीत काही नाही, इस्टेट दिसली की माणसं काहीही करतात. आजीला ते पटेना. खून कुणी का केला असेना, ती म्हणाली, पण ज्याचं काही राहिलेलं असतं तो जात नाही. अण्णा नाईक पहिल्याच भागात गेले, तरी त्या घरात शेवटपर्यंत त्यांच्याशिवाय पान हललं का?

मला आजीचं म्हणणं जास्त वजनदार वाटलं, आणि अजूनही वाटतं. शेवट फसला म्हणणाऱ्यांना गुन्हेगाराचं नाव हवं होतं. पण नाव कळल्यावर भीती जाते का? अमेरिकेत १० जून २००७ ला 'द सोप्रानोज'चा शेवटचा भाग मध्येच काळा पडून संपला, तेव्हा कित्येकांना केबल गेली असंच वाटलं. टोनी मेला की जगला यावर लोक अजून भांडतात. (गुहागरात तो शेवट चाललाच नसता. आम्ही लाईट गेली म्हणून मेणबत्ती शोधत बसलो असतो.)

तर त्या पडवीत वाद रंगात आला असताना आत्या चकलीचा तुकडा मोडत म्हणाली, "अण्णांनी जिवंतपणी वाटण्या केल्या असत्या ना, तर ही मालिकाच झाली नसती."

कुणीच काही बोललं नाही. आमचे आजोबाही वाटण्या न करताच गेले. रस्त्यापासून समुद्रापर्यंत गेलेलं नारळी-सुपारीचं आगर, मधे घर, आणि त्यात कुणाचं किती हे विचारायची कुणाची छाती नाही. काकांनी चहा मागितला. आजी पदराने चष्मा पुसत राहिली.

नंतर २०१९ ला दुसरं पर्व आलं, ते अण्णा जिवंत असतानाचं. शेवंता घराघरांत पोचली. २०२१ च्या तिसऱ्या पर्वात तर अण्णा आणि शेवंता चक्क भूत होऊन वावरायला लागले. म्हणजे आजीच जिंकली की! मी तिला तसं सांगितलंही. पण भूत डोळ्यांना दिसायला लागल्यावर तिची गोडी गेली. "आता काय बघायचं त्यात," म्हणून ती साडेदहाच्या आधीच झोपायला लागली.

आत्याने मध्यंतरी मोबाइलवर आगराचा सातबारा काढला. अकरा नावं आहेत. त्यातली चार माणसं वारलेली.