कुठे अडले?

खऱ्या विमानात मी अजून पाऊल ठेवलेले नाही. तरी वैमानिकगिरी मात्र रोज रात्री चालू असते. मायक्रोसॉफ्टचा ‘फ्लाइट सिम्युलेटर’ हा खेळ १९८२ साली प्रथम आला. २०२० च्या आवृत्तीत तर सारी पृथ्वीच आहे. आमच्या सांबऱ्याहून उड्डाण झोकात होई, पण मुंबईची धावपट्टी समोर आली की विमानाला उचक्या लागत.

माझे निदान तयार होते: ग्राफिक्स कार्ड जुने झाले. दुकानाच्या पिग्मीतले वीस हजार द्यायला बाबा कबूलही झाले. माझा कानडी मित्र तेवढा म्हणाला, “सावकाश नोडो!” सावकाश हा शब्द दोन्ही भाषांत एकच, तेव्हा कळले नाही असे म्हणायची सोय नव्हती.

मग एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली. पडद्यावरच्या चित्राचे रिझोल्यूशन निम्मे केले. कार्डावरचा भार उतरला, उचक्या तशाच. म्हणजे कार्ड निर्दोष! सेकंदाला सरासरी ४० चित्रे, म्हणजे एका चित्राला २५ मिलिसेकंद. सरासरी झकास, पण मधलेच एखादे चित्र २०० मिलिसेकंद घेई आणि उचकी लागे ती तिथे. प्रोसेसर एकूण पाव भागच कामात दिसे. एकेक कोअर वेगळा पाहिला, तेव्हा आठांपैकी एक पुरता दमलेला, बाकीचे जवळजवळ रिकामे! मुंबईच्या इमारती आणि तळावरची इतर विमाने यांचा बराचसा हिशेब त्या एकट्याच्या माथी. दूरच्या देखाव्याचा तपशील आणि विमानांची गर्दी कमी केली. उचक्या जवळजवळ थांबल्या. खर्च शून्य.

कॉस्टिंगच्या पेपरात ‘लिमिटिंग फॅक्टर’वर मी पूर्ण गुण मिळवले आहेत. काम जिथे अडते तो घटक आधी शोधावा, दुसरीकडे ओतलेला पैसा वाया जातो, हे मला तोंडपाठ. स्वतःच्या टेबलावर मात्र तो ओळखू आला नाही.

आणि ही पहिली वेळ नव्हे. मराठी शाळेतून आलेला मी, पहिल्या वर्षी अकाउंट्समध्ये नापास झालो, तेव्हा सारा दोष इंग्रजीला देऊन महागडा क्लास लावला होता. अडले होते ते वर्गात उठून शंका विचारण्याच्या लाजेपाशी. त्या क्लासचे पैसेही पिग्मीतलेच होते.

“कार्ड नको,” मी बाबांना सांगितले. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी पिग्मीवाला आला, तेव्हा नेहमीचे शंभर रुपये त्यांनी त्याच्या हातावर ठेवले.